व्हॉल्व्ह कुठे आहे हे कंट्रोलरला माहीत नसतं

जुना कंट्रोलर मेला तेव्हा कोणाला फारसं वाईट वाटलं नाही. गरम पाण्याच्या लाइनवरचा मिक्सिंग व्हॉल्व्ह चालवणारा तो छोटासा डबा पॅनेलच्या दारावर कित्येक वर्षं बसला होता. एके दिवशी त्याचा ‘ओपन’चा रिले, म्हणजे मोटरला सप्लाय देणारा विजेचा स्विच, चिकटला, व्हॉल्व्ह गरम बाजूला टोकापर्यंत गेला आणि टाकीच्या जॅकेटमध्ये, म्हणजे तिच्याभोवतीच्या कवचात, पंचावन्नच्या जागी सत्तरच्या वरचं पाणी फिरायला लागलं. शिफ्टवाल्याने मोटरचा क्लच सोडून व्हॉल्व्ह हाताने फिरवला आणि वेळ मारून नेली. नवा कंट्रोलर आला, आणि ‘बसव आणि जरा ट्यून करून दे’ असं फर्मान माझ्याकडे आलं. त्या ‘जरा’ला पाच दिवस लागले.

आधी लाइन कशी आहे ते सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. व्हॉल्व्हला तीन तोंडं. एकातून बॉयलरकडचं ८० अंशांचं पाणी येतं, दुसऱ्यातून टाकीला उष्णता देऊन परत आलेलं ४२ अंशांच्या आसपासचं. दोन्ही आत मिसळतात आणि तिसऱ्या तोंडातून पंप ते मिश्रण ओढून जॅकेटमध्ये ढकलतो. तिथे हवेत ५५ अंश. व्हॉल्व्हच्या डोक्यावर २३० व्होल्टची मोटर, तिच्या पोटात गिअर, नव्वद अंशांत पूर्ण फेरा. मोटरला तीनच वायरी. एक न्यूट्रल. दुसरीवर सप्लाय दिला की व्हॉल्व्ह उघडतो, तिसरीवर दिला की मिटतो, कुठेच दिला नाही तर आहे तिथे थांबतो.

बस्स, एवढंच. ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल नाही, व्हॉल्व्ह कुठे आहे ते परत सांगणारं पोटेन्शियोमीटर नाही. कंट्रोलर आपला रिले किती सेकंद ओढला ते मोजतो आणि त्यावरून व्हॉल्व्ह किती टक्के उघडला असेल याचा हिशोब मनातल्या मनात मांडतो. डोळे मिटून जिना चढावा, वीस पायऱ्या मोजाव्यात आणि ‘आला आपला मजला’ म्हणावं, तसं. हे मला कामाला हात लावण्याआधीही माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि फटका खाणं वेगळं.

पहिल्या दिवशी वायरिंग. जुन्या वायरींचे फेरूल, म्हणजे टोकांवरचे नंबर, वाचता येत होते, त्यामुळे जोडणी तासाभरात झाली. मग सवयीप्रमाणे मीटर लावला. ‘ओपन’चा रिले ओढला होता, त्या टर्मिनलवर २३० व्होल्ट बरोबर. सहज म्हणून ‘क्लोज’च्या टर्मिनलवर प्रोब ठेवला, तर तिथे तीनशेच्या वर! क्षणभर वाटलं, नवाकोरा कंट्रोलर, त्याचाही रिले आतून चिकटलेलाच आला की काय. मोटरची वायर सोडवून पुन्हा मोजलं, तर ‘क्लोज’वर शून्य. तेव्हा ट्यूब पेटली. या मोटरमध्ये दोन वाइंडिंग असतात आणि त्यांच्या मध्ये कपॅसिटर. एका बाजूला सप्लाय दिला की दुसऱ्या टोकाला कपॅसिटरमधून व्होल्टेज येतं, आणि ते सप्लायपेक्षा जास्तही असू शकतं. म्हणजे बंद असलेल्या रिलेच्या उघड्या काँटॅक्टवरही तेवढं व्होल्टेज सतत बसलेलं असतं. एकाच रिलेवर दोन मोटरी समांतर जोडायच्या नाहीत असं जे सांगतात ते याचसाठी. एकीचं हे परतीचं व्होल्टेज दुसरीच्या नको त्या वाइंडिंगमध्ये शिरतं आणि दोघी गोंधळतात. आणि ‘वायर बंद आहे’ असं समजून त्या टर्मिनलला बोट लावणाऱ्याचं काय होईल ते वेगळं सांगायला नको.

दिशा उलटी निघाली. कंट्रोलर ‘उघड’ म्हणायचा आणि पाणी गार व्हायचं. हे दोन ठिकाणी सुलटवता येतं: मेनूत जाऊन ॲक्शन बदला, किंवा दोन वायरींची अदलाबदल करा. मेनू सोपा वाटतो, कारण स्क्रूड्रायव्हर काढावा लागत नाही. पण मग ‘ओपन’चा दिवा लागलेला असताना व्हॉल्व्ह प्रत्यक्षात गार बाजूला जातो, आणि रात्रपाळीला पॅनेलसमोर उभा राहिलेला माणूस ते वाचून नेमका उलटा निर्णय घेतो. मी वायरी बदलल्या. तापवण्याचं काम असलं की तापमान वाढताना आउटपुट कमी व्हायला हवं, म्हणजे रिव्हर्स ॲक्शन. ती आहे तशीच ठेवली.

मग स्टॉपवॉच. मोटरच्या पाटीवर लिहिलं होतं १२० सेकंद, ५० हर्ट्झ. या मोटरी सिंक्रोनस असतात, त्यांचा वेग सप्लायच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेला. हीच मोटर ६० हर्ट्झवर चालवली तर शंभर सेकंदांत फेरा पुरा करेल. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीनदा मोजलं. उघडताना १२०, मिटताना ११९. दोन्ही बाजू सारख्या निघाल्या म्हणून जीव भांड्यात पडला. हा आकडा कंट्रोलरमध्ये चुकीचा घातला तर त्याचा सगळा हिशोबच बिघडतो. मी १२० घातले आणि मनात म्हटलं, यांत्रिक बाजू चोख आहे, आता फक्त पीआयडीचे आकडे, म्हणजे तापमानातल्या फरकाला कंट्रोलरने किती उत्तर द्यायचं (प्रपोर्शनल), साचत गेलेल्या फरकाला किती (इंटिग्रल) आणि बदलाच्या वेगाला किती (डेरिव्हेटिव्ह) हे ठरवणारे.

इथेच चुकलो. मी मोटरचा वेळ मोजला होता. व्हॉल्व्ह खरंच फिरतोय का, ते पाहिलंच नव्हतं.

नव्या कंट्रोलरमध्ये ऑटोट्यून होतं. बटण दाबलं की तो आउटपुट मुद्दाम वरखाली हलवून तापमानाला झोके देतो आणि झोक्याची उंची व कालावधी पाहून स्वतःच आकडे काढतो. ही रिलेची युक्ती ऑस्ट्रम आणि हेग्लुंड या दोन स्वीडिश संशोधकांनी १९८४ साली मांडली, आणि आज छोट्या-मोठ्या कितीतरी कंट्रोलरच्या पोटात ती या ना त्या रूपात बसलेली असते. आमच्या कंट्रोलरने अर्धा तास झोके दिले आणि निकाल लावला: प्रपोर्शनल बँड १८ अंश, इंटिग्रल ३० सेकंद. मी खूश. ऑटोवर टाकलं आणि जेवायला गेलो.

परत आलो तर पॅनेलमधून टक्-टक्, टक्-टक्. तापमान ५२ वरून ५८, ५८ वरून पुन्हा ५२. साधारण पाच मिनिटांचा एक झोका. आमच्याकडे याला हंटिंग म्हणतात. सावज दिसतंय पण हाती लागत नाही, अशी गत.

पुढचे दीड दिवस मी जे केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. आकड्यांशी खेळत बसलो. बँड १८ चा ३६ केला; बँड दुप्पट म्हणजे गेन, फरकाला मिळणाऱ्या उत्तराचा जोर, अर्धा. झोका थोडा आकसला, ५३ ते ५७. पण थांबला नाही. इंटिग्रल ३० चा ६० केला. झोका तेवढाच, फक्त कालावधी पाच मिनिटांचा नऊ मिनिटं झाला. बँड आणखी वाढवला, कालावधी आणखी लांबला, उंची जवळपास तिथल्या तिथे. डेरिव्हेटिव्ह घालून पाहिला. त्याने एवढंच केलं की रिले आणखी जोरात कडकडायला लागला. मोटरवर चालणाऱ्या अशा व्हॉल्व्हला डेरिव्हेटिव्ह द्यायच्या भानगडीत सहसा पडू नये असं माझं आता मत झालंय. तापमानाच्या वाचनात बारीक थरथर असतेच, आणि डेरिव्हेटिव्ह त्या प्रत्येक थरथरीला उत्तर देत बसतो.

खरं तर उत्तर माझ्यासमोर लिहिलेलं होतं. गेन जास्त झाल्यामुळे झोके येत असतील तर गेन अर्धा केल्यावर ते मरायला हवेत. इथे ते मरत नव्हते, नुसते लांबत होते. आणि रेकॉर्डरवर तापमानाची रेघ गोल लाटेसारखी नव्हतीच. बराच वेळ जवळपास सपाट, मग अचानक उडी, पुन्हा सपाट, पुन्हा खाली उडी. कंट्रोलरचं आउटपुट मात्र त्या सपाट काळात सावकाश, सरळ चढत किंवा उतरत असायचं. म्हणजे कंट्रोलर ढकलतोय, ढकलतोय, काही होत नाही. आणि मग एकदम होतं.

हे मला रेकॉर्डर पाहून सुचलं असं म्हणायला आवडलं असतं. पण ते आमच्या फिटर काकांमुळे लक्षात आलं. ते शेजारच्या पंपाचा ग्लँड बघायला आले होते, टक्-टक् ऐकून थांबले.

“काय रे, दोन दिवस झाले, हा अजून शिंकतोच आहे?”

“काका, आकडे जमत नाहीयेत.”

“आकडे राहू दे. दांडा फिरतोय का तुझा?”

“फिरतोय की. मोटर दोन मिनिटांत टोकाला जाते, मोजलंय मी.”

“मोटर नाही विचारली. दांडा विचारला.”

खिशातून मार्कर काढून त्यांनी व्हॉल्व्हच्या दांड्याच्या, म्हणजे स्पिंडलच्या, टोकापासून मोटर त्याला जोडणाऱ्या अडॅप्टरवरून खाली बॉडीपर्यंत एकच सरळ रेघ ओढली. मग म्हणाले, दे झटके. मी कंट्रोलर मॅन्युअलवर टाकला आणि उघडण्याच्या दिशेने एकेक सेकंदाचा झटका देत गेलो. पहिले दोन-चार गेल्यावर मोटरकडची रेघ आणि स्पिंडलवरची रेघ बरोबर सरकायला लागल्या. “आता उलटा.” मिटण्याच्या दिशेने एक झटका. मोटरकडची रेघ हलली, स्पिंडलवरची नाही. दुसरा, तिसरा, चौथा. दोन रेघांमध्ये आता डोळ्यांना सहज दिसेल एवढी फट. पाचवा, तरी काही नाही. सहाव्याला ‘टप्’ असा बारीक आवाज आला आणि स्पिंडल एकदम उडी मारून मोटरच्या रेघेला जाऊन मिळाला.

पाच सेकंद म्हणजे १२० पैकी सुमारे ४ टक्के. दिशा बदलली की पहिले ४ टक्के कंट्रोलर हवेत ढकलत होता, आणि मनातल्या मनात ‘चार टक्के मिटवला’ असं टिपून ठेवत होता. तापमान हलत नाही म्हणून इंटिग्रल आणखी ढकलायचा. मग स्पिंडल उडी मारायचा आणि हवं होतं त्यापेक्षा पुढे जाऊन बसायचा. आता उलट दिशेने पुन्हा तोच खेळ. जगातले कुठलेही पीआयडीचे आकडे घातले असते तरी हे थांबलं नसतं.

लाइन कामासाठी बंद करून घेतली. पंप बंद, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद, सप्लायला कुलूप, पाणी काढून टाकलं आणि पाइप हाताला सोसवेल इतका गार होईपर्यंत थांबलो. मोटर उचलली तर अडॅप्टरची प्लॅस्टिकची स्लीव्ह उभी चिरलेली. चिरेमुळे ती आधी पीळ खायची आणि मग जोर पुढे पोचवायची. त्यात स्पिंडलवरची ओ-रिंग, पाणी अडवणारी रबरी कडी, कोरडी, कडक, एका बाजूने चपटी झालेली. हाताने स्पिंडल फिरवला तर तो अडकत-अडकत, धक्क्याने फिरायचा. नुसती चीर असती तर कदाचित निभलं असतं, नुसती ओ-रिंग असती तरीही. दोघांनी मिळून घोळ घातला होता.

नवी स्लीव्ह स्टोअरमध्ये मिळाली, ओ-रिंगही. काकांनी नेहमीच्या डब्यातलं ग्रीस बोटावर घेतलं, आणि त्या पाच दिवसांत मी त्यांना काही सांगावं असा प्रसंग एवढाच आला. रिंग ईपीडीएम नावाच्या रबराची होती. गरम पाण्याला ती उत्तम, पण खनिज तेलाचं ग्रीस तिला लावलं की ती फुगते आणि काही दिवसांत स्पिंडल पहिल्यापेक्षा घट्ट होतो. सिलिकॉनचं ग्रीस आणलं. “बरं झालं बोललास,” एवढंच म्हणून त्यांनी बोट पुसलं.

उघडलंच आहे तर सेन्सरही पाहिला. पीटी १००, म्हणजे तापमानाबरोबर रोध बदलणारा, तीन वायरींचा, पाइपमधल्या पॉकेटमध्ये बसवलेला. काढून पाहिलं तर तो पॉकेटच्या तळापर्यंत पोचतच नव्हता. बोटाच्या पेराएवढी हवा मध्ये. हवा उष्णता नेण्यात आळशी, त्यामुळे पाण्याचं तापमान बदललेलं सेन्सरला उशिरा कळायचं. स्प्रिंगवाला, पूर्ण लांबीचा घातला, टोकाला उष्णता वाहणारी पेस्ट लावली.

आता कुठे ट्यूनिंगला सुरुवात, चौथ्या दिवशी. पुन्हा मार्करची रेघ, पुन्हा झटके: दिशा बदलल्यावर पहिला झटका जवळपास वाया, दुसऱ्याला स्पिंडल हलतो. गिअरमध्ये एवढा सैलपणा असतोच.

ऑटोट्यून या वेळी मी वापरलं नाही. त्याच्यावर राग नव्हता. बिचाऱ्याने चिरलेल्या स्लीव्हचंही प्रामाणिकपणे मोजमाप केलं होतं. पण मला लाइन स्वतः पाहायची होती. कंट्रोलर मॅन्युअलवर ठेवला, तापमान ५१ अंशांवर शांत होऊ दिलं. पंधरा मिनिटं काही न करता नुसतं उभं राहायचं. ही पायरी सगळ्यांना खटकते, आणि नेमकी तीच गाळून चालत नाही. मग उघडण्याच्या दिशेने सलग १२ सेकंदांचा झटका, म्हणजे १० टक्के, आणि वहीत दर पाच सेकंदांना तापमान लिहीत गेलो. झटका स्वतःच १२ सेकंद चालतो, त्यामुळे वेळ मी त्याच्या मध्यापासून मोजली. पहिले १४ सेकंद काहीच नाही; पाणी सेन्सरपर्यंत पोचायला आणि सेन्सरला ते उमगायला लागणारा हा मेलेला वेळ. मग तापमान चढायला लागलं आणि शेवटी ५६.२ वर स्थिरावलं. एकूण वाढ ५.२ अंश. तिच्या ६३ टक्के, म्हणजे ३.३ अंश, म्हणजे ५४.३ चा टप्पा ५२व्या सेकंदाला गाठला होता. त्यातून १४ वजा केले की ३८ सेकंद, हा लाइनचा टाइम कॉन्स्टंट.

तीन आकडे हातात आले. १० टक्क्यांना ५.२ अंश, म्हणजे टक्क्याला ०.५२ अंश, मेलेला वेळ १४ सेकंद, टाइम कॉन्स्टंट ३८ सेकंद. यावरून ट्यूनिंग काढायचे नियम पुष्कळ आहेत. सगळ्यात प्रसिद्ध झीग्लर आणि निकल्सचा, १९४२ सालचा. त्या नियमाने माझ्या लाइनला बँड २१ अंशांच्या आसपास आणि इंटिग्रल ४७ सेकंद आला असता. पण त्या दोघांनी डोळ्यांसमोर ठेवलं होतं ते असं की प्रत्येक झोका आधीच्या झोक्याच्या एक चतुर्थांश व्हावा. म्हणजे दोन-तीन झोके त्यांना चालणार होते. हवेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हला ते चालेलही. माझ्या मोटरला प्रत्येक झोका म्हणजे रिलेचे कित्येक जादा ठोके आणि मोटरची तेवढीच जादा सुरुवात.

मला झोकाच नको होता, थोडा वेळ लागला तरी चालणार होतं. म्हणून लॅम्डाची पद्धत घेतली. तिच्यात आधी आपण ठरवायचं की बिघडलेलं तापमान किती निवांतपणे जागेवर यावं. मी ६० सेकंद ठरवले. मग गेन म्हणजे ३८ भागिले, ६० अधिक १४; आणि त्याला पुन्हा ०.५२ ने भागायचं. उत्तर ०.९९, म्हणजे एका अंशाच्या फरकाला एक टक्का व्हॉल्व्ह. इंटिग्रल टाइम कॉन्स्टंटइतकाच, ३८ सेकंद.

आमच्या कंट्रोलरमध्ये गेन नाही, प्रपोर्शनल बँड घालावा लागतो, तोही अंशांत. अंशाला एक टक्का, म्हणजे शंभर टक्क्यांना १०० अंश. बँड १००! मी वहीतला हिशोब तीनदा तपासला. आयुष्यात कधी एवढा रुंद बँड घातला नव्हता. ऑटोट्यूनने १८ दिला होता, मी भीत-भीत ३६ पर्यंत आणि वैतागून त्याच्याही पुढे गेलो होतो, पण तीन आकडी काही डोक्यात आलं नव्हतं. घातला. सेटपॉइंट ५५, ऑटो.

टक्. बराच वेळ शांतता. टक्. तापमान ५४, ५४.६, ५५.१, ५४.९. आणि तिथेच. मी खुर्ची ओढून बसलो आणि चाळीस मिनिटं त्या आकड्याकडे बघत राहिलो, जणू नजर हटली तर तो पळून जाईल.

उरलं ते बारीकसारीक. सगळ्यात छोटा झटका किती सेकंदांचा असावा, हे कंट्रोलरमध्ये ठरवता येतं, कंपनीने ०.२ ठेवला होता. एवढ्यात मोटर जेमतेम हुंकार देते, गिअरचा सैलपणाही भरून निघत नाही, आणि कंट्रोलर मात्र आपल्या वहीत ०.२ सेकंद जमा करतो. तो मी ०.८ केला. ०.८ सेकंद म्हणजे ०.६७ टक्के, म्हणजे साधारण ०.३५ अंश. यापेक्षा बारीक दुरुस्ती हा व्हॉल्व्ह करूच शकत नाही. म्हणून डेड झोन, म्हणजे ज्या फरकाकडे कंट्रोलरने दुर्लक्ष करायचं तो पट्टा, त्याहून किंचित मोठा, वर-खाली ०.४ अंश. तो कमी ठेवला असता तर कंट्रोलरने गाठता न येणाऱ्या आकड्याच्या मागे दिवसरात्र टक्-टक् केलं असतं.

संध्याकाळी तासभर बसून रिलेचे ठोके मोजले: अठ्ठावीस. हंटिंग चालू असताना मी असेच मोजले होते, तेव्हा चारशेच्या वर भरले होते. आणि हे दोन आकडे वहीत एकाखाली एक लिहिताना जुना कंट्रोलर आठवला.

तो भंगाराच्या पेटीत होता. काढून उघडला. ‘ओपन’च्या रिलेचे काँटॅक्ट काळेठिक्कर, एका बाजूला वितळून खड्डा पडलेला. तासाला चारशे म्हणजे दिवसाला ९,६०० ठोके. असल्या छोट्या रिलेचं पूर्ण लोडवरचं आयुष्य सहसा एक लाख ठोके धरतात. या हिशोबाने ते दहा-अकरा दिवसांत संपतं. मोटरचं लोड अगदी किरकोळ, म्हणून तो त्याच्या कितीतरी पट टिकला. आम्ही ज्याला खराब म्हणून काढून टाकलं तो चिरलेल्या स्लीव्हबरोबर किती काळ झुंजत होता, कोण जाणे. स्लीव्ह तशीच ठेवली असती तर नव्याचीही तीच गत झाली असती, आणि मी पुन्हा म्हटलं असतं, हल्लीचा माल टिकत नाही.

पाचव्या दिवशी सकाळी लाइन गार अवस्थेतून सुरू केली आणि तापमान थेट ६१ ला जाऊन आलं. हे वेगळं दुखणं. रात्रभर बॉयलर बंद, कंट्रोलर मात्र ऑटोवर. पाणी गार दिसतंय म्हणून त्याने व्हॉल्व्ह पूर्ण उघडून ठेवला आणि इंटिग्रल टोकापर्यंत साचवून बसला. बॉयलर पेटल्यावर ते साचलेलं उतरायला वेळ लागतो. पंप चालू-बंद करणाऱ्या काँटॅक्टरवरून एक मोकळा काँटॅक्ट कंट्रोलरच्या इनपुटला दिला: पंप बंद असेल तर कंट्रोलर स्टँडबायला आणि व्हॉल्व्ह मिटलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ५६.३ पर्यंत गेलं आणि परत आलं. तेवढं चालतं.

दोन आठवड्यांनी सहज पाहिलं तर डिस्प्लेवर व्हॉल्व्ह ४६ टक्के, आणि मोटरवरचा काटा ५२ वर. त्या आठवड्यांत टाकी सुट्टीतही चालू होती, पंप बंदच झाला नव्हता, त्यामुळे व्हॉल्व्ह एकदाही टोकाला गेला नव्हता. जिना चढणाऱ्याच्या पायऱ्या पुन्हा चुकायला लागल्या होत्या. तापमान मात्र ५५ वरच होतं, कारण ते सेन्सरवरून चालतं, या टक्क्यांवरून नाही. तरी मला तो फरक सोसवेना. आमचा कंट्रोलर स्टँडबायला गेला की व्हॉल्व्ह मिटवायला फेऱ्याच्या वेळेपेक्षा जास्त वेळ रिले ओढून ठेवतो, आणि तिथून शून्य धरतो. आता आठवड्यातून एकदा, टाकी रिकामी असताना, ऑपरेटर पंप पाच मिनिटं बंद करतो. का करायचा ते मी त्याला सांगितलं. त्याने मान डोलावली. पटलं की नाही, माहीत नाही.

पॅनेलच्या दारामागे एक कागद चिकटवलाय. फेरा १२० सेकंद, बँड १००, इंटिग्रल ३८, डेरिव्हेटिव्ह शून्य, छोटा झटका ०.८, डेड झोन ०.४, खाली तारीख आणि ‘दिशा बदलून स्पिंडल बघा’ अशी एक ओळ. बँडचा आकडा पेन्सिलीने लिहिलाय. बॉयलरचं पाणी आणि परतीचं पाणी यांच्यातल्या फरकावर त्या ०.५२ चा हिशोब उभा आहे. बॉयलरचं तापमान कोणी वाढवलं किंवा परतीचं पाणी जास्त गरम यायला लागलं की तो आकडा बदलणार, आणि मला पुन्हा पंधरा मिनिटं काही न करता उभं राहावं लागणार.